कापसाच्या मळ्याची चोपडी: थॉमस ॲफ्लेक आणि माणसांचा घसारा

छापील वहीच्या एका पानावर डावीकडे नावांचा रकाना आहे, त्याच्यापुढे सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आहेत आणि शेवटी आठवड्याची बेरीज मांडायला जागा सोडलेली आहे. नावांच्या रकान्यात आडनावे नाहीत. एकाच नावाची दोन माणसे असली तर ‘थोरला’ किंवा ‘धाकटा’ एवढाच फरक केलेला असतो. रकान्यांतले आकडे पौंडांचे आहेत. त्या माणसाने त्या दिवशी किती कापूस वेचला, हे ते सांगतात. पान कोरे छापलेले, आकडे हाताने भरलेले. १८५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अशा वह्या चक्क विकत मिळत. त्या तयार करणारा माणूस धंद्याने हिशेबनीस नव्हता. तो स्कॉटलंडहून आलेला एक मळेवाला, रोपवाटिकेचा मालक आणि शेतीविषयक लेखक होता. त्याचे नाव थॉमस ॲफ्लेक.

ॲफ्लेकविषयी लिहिताना दोन सोप्या वाटा समोर असतात. एक वाट त्याला दक्षिणेतल्या शेतीचा सुधारक म्हणून मिरवते: मधमाश्या, गुलाब, फळझाडे, जमिनीची धूप, वार्षिक दिनदर्शिका. दुसरी वाट त्याला गुलामांच्या मालकांपैकी आणखी एक म्हणून निकालात काढते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या की मुद्दा हातून निसटतो. मधाची पेटी, कलम केलेले झाड आणि कापूस वेचणारी बाई या तिघांकडे तो एकाच नजरेने पाहत होता. मोजावे, नोंदवावे, मागच्या वर्षाशी ताडून पाहावे आणि पुढच्या वर्षी उत्पन्न वाढवावे, अशी ती नजर होती. त्याने छापलेली हिशेबाची पद्धत समजून घेतली की त्याचे बाकीचे आयुष्य आपोआप उलगडते, म्हणून या लेखात तिच्यावरच अधिक वेळ थांबणार आहे.

ॲफ्लेकचा जन्म १८१२ मध्ये स्कॉटलंडच्या डम्फ्रीझ गावी झाला. तरुणपणी त्याने बँकेत कारकुनी केली. या कारकुनीचा उल्लेख चरित्रकार ओझरता करतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटते, कारण जमा-खर्चाच्या वह्यांची शिस्त अंगात मुरलेला माणूस पुढे शेतात उतरला, असा हा प्रवास आहे. १८३२ मध्ये, विशीत असताना, तो अमेरिकेला गेला. सुरुवातीची काही वर्षे त्याने न्यूयॉर्कपासून इंडियानापर्यंत ठिकठिकाणी काढली. तिथे त्याची पहिली पत्नी आणि मूल दगावले. १८४० च्या सुमारास सिनसिनाटी शहरातून निघणाऱ्या ‘वेस्टर्न फार्मर अँड गार्डनर’ या शेतीविषयक नियतकालिकाच्या संपादनात तो सहभागी झाला आणि १८४१ मध्ये मधमाशीपालनावर त्याचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या काळी मध काढायचा म्हणजे बहुधा गंधकाचा धूर देऊन सगळी वसाहतच मारून टाकायची, अशी रीत होती. ॲफ्लेक ज्या पेटीचा पुरस्कार करत होता तिच्यात खालून नवे कप्पे जोडत जायचे आणि वरचा भरलेला कप्पा काढून घ्यायचा, म्हणजे माश्या जगतात आणि मधही मिळतो. मुद्दल न मोडता व्याज घ्यावे, असा हा विचार आहे. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

नियतकालिकाच्या निमित्ताने तो दक्षिणेत फिरला आणि मिसिसिपी राज्यातील नॅचेझ परिसरात त्याची ॲना डनबार स्मिथ या विधवा मळेवालीशी ओळख झाली. १८४२ मध्ये दोघांचे लग्न झाले. ॲनाचा मळा नॅचेझपासून काही मैलांवर वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावाजवळ होता. राजधानीच्या वॉशिंग्टनशी या गावाचा संबंध नाही, मात्र एकेकाळी मिसिसिपी प्रदेशाचा कारभार याच गावातून चालत असे. लग्नाबरोबर ॲफ्लेकच्या हाती जमीन आली, गुलाम आले आणि कर्जही आले. १८३७ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या होत्या, कापसाचे भाव पडले होते आणि नॅचेझच्या आसपासचे कितीतरी मळे गहाणात अडकले होते.

मराठी वाचकाला इथले चित्र नीट दिसावे म्हणून थोडे थांबू. नॅचेझ हे मिसिसिपी नदीच्या उंच काठावरचे श्रीमंत गाव. भोवतालची जमीन वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक गाळाची, पिकाला उत्तम, पण नांगर लागला की पावसाबरोबर सुटणारी. गावाच्या वेशीवर, वॉशिंग्टनकडून येणारा रस्ता जिथे दुसऱ्या रस्त्याला मिळत असे तिथे, माणसांचा बाजार होता. त्याचे नाव ‘फोर्क्स ऑफ द रोड’, म्हणजे सरळ मराठीत फाटा. व्हर्जिनिया, मेरिलँड अशा जुन्या राज्यांतून आणलेली माणसे तिथे विकली जात. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे नव्या मळ्यांना लागणारी माणसे एक तर अशा बाजारातून विकत घ्यावी लागत किंवा मळ्यावरच जन्माला यावी लागत. ॲफ्लेकला आपल्या गावाहून नॅचेझला जायचे तर याच फाट्यावरून जावे लागत होते.

कापसाचे अर्थकारणही थोडक्यात सांगायला हवे. सरकी काढण्याचे यंत्र १७९३ मध्ये आल्यापासून रुई वेगळी करणे सोपे झाले होते. नांगरणी आणि पेरणी करणाऱ्या माणसांना जेवढा कापूस उगवता येई तेवढा वेचता मात्र येत नसे. खरी अडचण वेचणीची होती. मेक्सिकन वाणातून निवडलेले ‘पेटिट गल्फ’ बियाणे लोकप्रिय झाले, त्याचे एक मोठे कारण हेच की त्याचे बोंड चांगले उमलते आणि त्यातला कापूस बोटांना सहज येतो. म्हणजे ज्याच्या मळ्यावर वेचणी जास्त त्याच्या गाठी जास्त. ऑगस्टच्या अखेरीपासून थेट हिवाळ्यापर्यंत चालणाऱ्या या वेचणीत रोजचे वजन हा मळ्यावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा होता.

हा आकडा टिपण्याची सवय ॲफ्लेकने शोधून काढलेली नाही. मळेवाले आधीपासून पाट्यांवर, सुट्या कागदांवर, रोजनिशीत नोंदी करत असत. त्याने १८४० च्या दशकात केले ते असे की मळ्याचा वर्षभराचा सगळा हिशेब एका छापील वहीत बसवला, रकाने आखून दिले, ते कसे भरायचे याच्या सूचना दिल्या आणि वही बाजारात आणली. न्यू ऑर्लिन्सचा पुस्तकविक्रेता बी. एम. नॉर्मन याने ती प्रकाशित केली. कापसाच्या मळ्यासाठी वेगळी वही होती आणि उसाच्या मळ्यासाठी वेगळी. कापसाची वही तीन आकारांत मिळे: ४० ‘हात’ किंवा कमी, ८० किंवा कमी आणि १२० किंवा कमी. गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेत पेटलेले यादवी युद्ध सुरू होईपर्यंत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

‘हात’ हा शब्द मराठी माणसाला चटकन समजतो, कारण ‘कामाला हात कमी पडतात’ असे आपणही म्हणतो. फरक एवढाच की मळ्यावर हाताचे अपूर्णांकही होत. धडधाकट तरुण म्हणजे पूर्ण हात. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, म्हातारा, कोवळा मुलगा यांना अर्धा किंवा पाव हात धरले जाई. आठ पोरे पाव-पाव हाताची असली तर मळ्याच्या हिशेबात ती दोन माणसे.

वहीचे काम कसे चाले ते पाहू. मालक पुष्कळदा मळ्यावर राहत नसे. तो नॅचेझमध्ये हवेलीत असे किंवा त्याचे एकाहून अधिक मळे असत. मळा चालवी तो ‘ओव्हरसीअर’, आपल्या भाषेत मुकादम: गोरा, पगारी आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत नोकरी बदलणारा. ॲफ्लेकच्या वहीतली रोजची पाने मुकादमाने भरायची होती. आज कोणते काम झाले, हवा कशी होती, कोण आजारी पडले, कोणाला कपडे किंवा जोडे दिले, औतांची आणि खेचरांची स्थिती काय, किती गाठी बांधल्या आणि त्यांचे वजन किती भरले, जन्म किती, मृत्यू किती, डॉक्टर केव्हा आला. सगळ्यासाठी स्वतंत्र तक्ते होते. मुकादमाला फार लिहिता येत नसले तरी अडत नसे, कारण प्रश्न छापलेले होते आणि त्याने फक्त आकडा टाकायचा होता. वर्षअखेर मालक ती वही हातात घेऊन मुकादमाला जाब विचारू शकत होता.

वेचणीचे पान सर्वांत बोलके आहे. समजा, एका बाईच्या नावापुढे सोमवारी १४०, मंगळवारी १५५, बुधवारी ९० असे आकडे आहेत. बुधवारी पाऊस होता की अंगात ताप होता, हे त्या रकान्यात बसत नाही. पण सोमवार-मंगळवारचे आकडे तिची ‘ऐपत’ ठरवून गेले आणि गुरुवारी तिच्याकडून त्याच मापाने अपेक्षा केली जाणार, एवढे मात्र त्या पानाने पक्के केले. याची दुसरी बाजू सॉलोमन नॉर्थप यांनी लिहून ठेवली आहे. स्वतंत्र जन्मलेल्या नॉर्थप यांना पळवून नेऊन विकले होते आणि लुइझियानातून बारा वर्षांनी सुटका झाल्यावर १८५३ मध्ये त्यांनी आपली कहाणी प्रसिद्ध केली. संध्याकाळी टोपली घेऊन काट्याकडे जाताना प्रत्येकाच्या मनात भीती असे, असे ते सांगतात: वजन कमी भरले तर फटके, आणि दहा-वीस पौंड जास्त भरले तर उद्याचे माप त्या हिशेबाने वाढणार. ॲफ्लेकच्या तक्त्यात फटक्यांसाठी रकाना नव्हता. त्याची गरजही नव्हती. आकडा लिहिला की पुढचे काम मुकादम करी.

आता वर्षअखेरचे पान, आणि या लेखाचा अवघड भाग. साधा शेतकरी नफा कसा काढतो? कापूस विकून आले ९,००० डॉलर, खर्च झाला ४,०००, उरले ५,०००. ॲफ्लेकचे म्हणणे असे की हा हिशेब फसवा आहे. वर्षाच्या सुरुवातीला मळ्यात किती भांडवल गुंतले होते ते आधी लिहा. समजा जमीन २०,००० डॉलरची, गुलाम मिळून २५,०००, जनावरे आणि अवजारे ५,०००, एकूण ५०,०००. हाच पैसा व्याजाने दिला असता तर सहा टक्क्यांनी ३,००० मिळाले असते, तेव्हा ते व्याज नफ्यातून वजा करा. मग वर्षअखेर प्रत्येक वस्तूची किंमत पुन्हा लावा. जमीन धुपून २०० डॉलरने घसरली, खेचरे म्हातारी झाली आणि औते झिजली म्हणून ३०० गेले, पण माणसांची किंमत १,००० ने वाढली, तर खरा नफा निघतो २,५००. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. पद्धत त्याची आहे.

यात घसारा, म्हणजे झिजेमुळे वस्तूच्या किमतीत येणारी घट आहे, गुंतवलेल्या भांडवलावरचे व्याज आहे, आरंभीची आणि अखेरची शिल्लक आहे. आज वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात तेच हे आहे. कारखानदारीत यंत्रांचा घसारा दरवर्षी नियमाने मांडण्याची चाल रुळायला तेव्हा अजून काही दशके अवकाश होता, म्हणून हिशेबाचा इतिहास लिहिणारे अलीकडे या वह्यांकडे आवर्जून वळले आहेत. आधुनिक व्यवस्थापन गिरण्यांत आणि रेल्वेच्या कचेऱ्यांत जन्मले, असे आपण धरून चालतो. त्याचा एक चांगला मोठा तुकडा कापसाच्या मळ्यावर आधीच तयार होता.

माणसांची किंमत वाढायची कशी? वहीत त्यासाठी वेगळी यादी होती: नाव, वय, वर्षारंभीची किंमत, वर्षअखेरची किंमत. सोळा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला की त्याची किंमत वर जाई. पंचावन्न वर्षांच्या माणसाची खाली येई आणि एका टप्प्यावर त्याच्या नावापुढे शून्य पडे. तान्हे मूल जन्मले की त्याची नोंद होई आणि काही डॉलर जमेच्या बाजूला येत. ते दगावले की नावे पडत. शेतीतले भाव चढले तर काही न करता सगळ्या मळ्यावरच्या माणसांच्या किमती वाढत. १८६० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये एका धडधाकट तरुणाला दीड हजार डॉलरहून अधिक भाव येत होता. बैलजोडीची किंमत आपला शेतकरीही तोंडपाठ सांगतो, पण गायीने वासराला जन्म दिल्याची नोंद ताळेबंदात करत नाही. इथे ती करायची होती, कारण या किमतीवर कर्ज मिळत असे. माणसे गहाण टाकता येत होती आणि बँकेला किंवा सावकाराला दाखवायला ही यादी तयार असे.

वहीबरोबर मुकादमाच्या कर्तव्यांविषयी जो मजकूर छापलेला होता त्यातला एक परिच्छेद मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. उत्तम पीक म्हणजे काय, हे तिथे क्रमाने सांगितले आहे. पहिली गोष्ट, गुलामांची संख्या वाढलेली असावी आणि त्यांची प्रकृती व किंमत सुधारलेली असावी. दुसरी, माणसांना आणि जनावरांना पुरून उरेल एवढे धान्य मळ्यावरच पिकलेले असावे. तिसरी, उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे घरीच तयार झालेले असावेत. चौथी, जमिनीचा कस वाढलेला असावा. पाचवी, जनावरे, अवजारे आणि इमारती सुस्थितीत असाव्यात. आणि हे सगळे सांभाळून मग कापूस, ऊस किंवा भात जितका निघेल तितका.

घाईने वाचले तर हा परिच्छेद कनवाळू वाटतो. माणूस पहिला, कापूस शेवटी. त्या काळच्या पुष्कळ मुकादमांची बक्षिसी गाठींच्या संख्येवर ठरत असे. तो वर्षभर माणसांना पिळून, खेचरांची हाडे काढून, उताराची जमीन सरळ नांगरून गाठी वाढवी, वाहवा घेई आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या मळ्यावर निघून जाई. मागे राही ती धुपलेली जमीन आणि मोडलेली माणसे. ॲफ्लेकला हे नको होते आणि त्याचा ताळेबंद हे उघडे पाडत होता. पण ‘संख्या वाढलेली असावी’ या शब्दांकडे पुन्हा पाहिले की अंगावर काटा येतो. पीक कशाला म्हणायचे याच्या यादीत माणसांची मुले पहिल्या क्रमांकावर आहेत. मधाच्या पेटीत माश्या मारू नयेत, या विचाराचेच हे पुढचे रूप.

त्याला वास्तव दिसत नव्हते असे मात्र नाही. १८५० च्या सुमारास मळ्यांवरील आरोग्यावर त्याने वैद्यकीय अहवालांच्या एका संग्रहासाठी निबंध लिहिला. त्यात आपल्या परिसरातल्या गुलाम स्त्रियांना होणाऱ्या मुलांपैकी निम्मी वर्षाच्या आत दगावतात, असे त्याने नमूद केले आहे. निम्मी. झोपड्यांची स्वच्छता, पाणी, अन्न यांविषयी सूचना करणारा हा माणूस मूल का मरते याचा विचार करत होता. मात्र बाळंतीण किती दिवसांत पुन्हा शेतावर जाते आणि दिवसातून किती वेळा तिला मुलाकडे येऊ देतात, हे तिच्या इच्छेवर सोडण्याची कल्पना त्याच्या कोणत्याच तक्त्यात बसणारी नव्हती. ज्यांची नावे त्या पानांवर होती त्यांना ती पाने वाचताही येऊ नयेत, अशी व्यवस्था होती. मिसिसिपीत गुलामांनी लिहायला-वाचायला शिकण्यासाठी एकत्र जमणे कायद्याने मना होते.

रोपवाटिकेची गोष्ट यापेक्षा हलकी आहे आणि थोडी केविलवाणीही. वॉशिंग्टन गावाजवळ ॲफ्लेकने ‘सदर्न नर्सरीज’ सुरू केली. दक्षिणेतल्या पहिल्या काही व्यापारी रोपवाटिकांमध्ये तिची गणना होते. तोपर्यंत दक्षिणेतल्या लोकांना फळझाडे आणि गुलाब उत्तरेकडून मागवावे लागत. ती बोटीने येईपर्यंत निम्मी वाळत आणि जी जगत ती तिथल्या उन्हाला टिकत नसत. स्थानिक हवामानात वाढलेली रोपे द्यावीत, हा विचार बिनतोड होता. त्यासाठी त्याने दिनदर्शिका काढली. १८५१ पासून काही वर्षे ती ‘सदर्न रूरल अल्मनॅक’ या नावाने निघत राहिली. आपल्याकडे जे काम पंचांग आणि शेतकी मासिक मिळून करतात, ते तिथे एकाच पुस्तिकेत होते: चंद्राच्या कला, महिन्यागणिक शेतात आणि बागेत काय करायचे, कोणते झाड कोणत्या जमिनीला मानवते, आणि अर्थातच मध्ये-मध्ये त्याच्या रोपवाटिकेची जाहिरात. न्यू ऑर्लिन्सच्या ‘पिकायून’ या दैनिकातही तो शेतीवर लिहीत असे.

नुसत्या कापसावर विसंबू नका, हे त्याचे कायमचे पालुपद. धान्य पिकवा, गवते लावा, डुकरे पाळा, उताराच्या जमिनीला आडव्या चरी काढा, लाकडी कुंपणावर पैसा घालण्यापेक्षा चेरोकी गुलाबाचे काटेरी कुंपण वाढवा. सल्ला योग्य होता, वाचलाही जात होता, पण पाळला फारसा जात नव्हता. कापसाला भाव असला की शेजारी सगळी जमीन कापसाखाली आणत आणि भाव पडला की रोपांची उधारी थकवत. सुधारणेचा उपदेश करणाऱ्याचा स्वतःचा मळा कर्जातच राहिला. विदर्भात शेतीचे सल्ले देणाऱ्या कोणत्याही माणसाला ही कहाणी ओळखीची वाटेल.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मिसिसिपी सोडून टेक्सासमध्ये ब्रेनहॅम गावाजवळ नवा मळा उभा केला आणि त्याचे नाव ‘ग्लेनब्लाइथ’ ठेवले. तिथे नवी रोपवाटिकाही काढली. जायचे तर ॲफ्लेक कुटुंबाबरोबर मळ्यावरची माणसेही गेली, त्यांना विचारण्याचा प्रश्न नव्हता. नव्या जमिनीवर, नव्याने आखलेला, वहीत सांगितल्याबरहुकूम चालणारा मळा, असे त्याचे स्वप्न असावे. ते पुरते उभे राहण्याआधी १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले.

याच ठिकाणी ही कहाणी आपल्या मुलखाला स्पर्श करते. एक धागा जुना आहे. ॲफ्लेक नॅचेझला येण्याच्या दोनच वर्षे आधी, १८४० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्याने अमेरिकेच्या कापूस-पट्ट्यातून दहा अनुभवी मळेवाले भरती करून हिंदुस्थानात आणले होते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा लांब धाग्याचा कापूस इथे पिकवावा, हा हेतू होता. त्यांतले काही मुंबई इलाख्यात आले. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसला. धारवाड-हुबळीच्या बाजूला मात्र न्यू ऑर्लिन्स जातीची कपाशी रुजली आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने पुढे कित्येक वर्षे विकली गेली. या अमेरिकनांना इथे जमीन समजेना, पाऊस समजेना, आणि मला वाटते त्याहून अवघड गेले ते हे की इथला कुणबी त्यांच्या वहीत बसणारा नव्हता. तो सावकाराच्या कर्जात बुडालेला असला तरी आपल्या वावरात काय पेरायचे ते बऱ्याच अंशी स्वतः ठरवी आणि त्याची बायको रोज किती पौंड वेचते याचा तक्ता कोणी मागू शकत नव्हते.

दुसरा धागा युद्धाचा. दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत अडकली आणि ब्रिटनला मिळणारा अमेरिकन कापूस जवळजवळ थांबला. युद्धापूर्वी ब्रिटिश गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, वऱ्हाड आणि खानदेशात रान तोडून कपाशी पेरली गेली, मुंबईत कंपन्या आणि बँका पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर त्या कंपन्याही. ग्लेनब्लाइथच्या मालकाचे नुकसान आणि वऱ्हाडातल्या अडत्यांचा फायदा एकाच कारणाने, एकाच चार वर्षांत झाला, हे शाळेतल्या इतिहासात एकत्र सांगितले जात नाही.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात सरकारी सैन्याच्या सेनापतीने राज्यातील सर्व गुलाम मुक्त असल्याचा हुकूम जाहीर केला. त्या दिवशी ॲफ्लेकच्या ताळेबंदातली सर्वांत मोठी रक्कम नाहीशी झाली. मोठी रक्कम गेली एवढेच नव्हे. सगळी पद्धतच निकामी झाली. सोमवारच्या आकड्यावरून गुरुवारचा अंदाज बांधायचा तर गुरुवारी तोच माणूस त्याच ओळीत उभा असावा लागतो. पटत नसेल तर निघून जाणाऱ्या माणसाची ‘ऐपत’ वहीत लिहून काही उपयोग नसतो. त्या तक्त्यांची अचूकता हिशेबाच्या हुशारीतून आली होती तितकीच चाबकातून आणि कायद्यातूनही आली होती.

ॲफ्लेकने यावर शोधलेला उपाय त्याच्या स्वभावाला धरून आहे. मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक मालकाच्या मनाप्रमाणे राबणार नाहीत, तेव्हा स्कॉटलंड-इंग्लंडहून मजूर आणि वसाहतकरी आणावेत, असे त्याने ठरवले आणि त्यासाठी तो स्वतः ब्रिटनला जाऊन आला. ३३ वर्षांपूर्वी जो स्वतः बोटीने आला होता, तो आता आपल्यासारख्यांची भरती करू पाहत होता. योजना रुळली नाही. मोकळ्या जमिनीच्या देशात येणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मळ्यावर मजुरी करायची हौस कशाला असेल? ३० डिसेंबर १८६८ रोजी ग्लेनब्लाइथला त्याचा मृत्यू झाला. कुंपणाच्या झाडांवरची त्याची पुस्तिका पुढल्या वर्षी ह्यूस्टनमध्ये छापून निघाली.

कापूस मात्र पिकतच राहिला. दक्षिणेत मालक आणि मजूर यांच्यात आता लेखी करार होऊ लागले आणि ते नोंदवण्यासाठी सरकारी कार्यालय होते. करार पुष्कळदा मालकाच्याच सोयीचे असत. अर्धेलीने जमीन कसायची, दुकानातून उधारीवर धान्य-कापड उचलायचे आणि वर्षअखेर कापूस देऊनही बाकी अंगावर राहायची, हे चक्र थोड्याच वर्षांत सुरू झाले. त्या करारांच्या तळाशी मजुरांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. आता बहुतेकांच्या नावापुढे आडनाव आहे, आणि नाव व आडनाव यांच्या मधोमध, लिहिता न येणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली फुलीची निशाणी.